कव्हरवरचा मुसोलिनी

१९७३ साली मिलानच्या रिकोर्दी कंपनीने 'झारातुस्त्रा' नावाची एक एलपी बाजारात आणली. वाजवणारे पाच तरुण इटलीच्या पश्चिम टोकाचे, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या किनारपट्टीवरचे. त्यांच्या बँडचं नाव म्युझेओ रोझेनबाख. रेकॉर्ड फारशी खपली नाही आणि बँडही लवकरच पांगला. आज सिम्फॉनिक प्रोग्रेसिव्ह रॉकचे दर्दी त्या काळच्या इटालियन रेकॉर्डांमधली अव्वल नावं सांगायला बसले की त्यांत ही हमखास येते, मग ते बोलणारे ओसाकाचे असोत की लॉस एंजेलिसचे. चांगलं संगीत उशिरा का होईना ओळखलं जातंच, असा या प्रवासाचा अर्थ सहसा लावला जातो. मला तो पटत नाही. ओळखण्यासारखं जे होतं ते १९७३ सालीही त्या खाचांमध्ये होतंच. या रेकॉर्डकडे पाठ फिरवली ती जवळच्या माणसांनी, ज्यांना तिच्यातलं अक्षरन् अक्षर कळत होतं. तिला उचलून धरलं दूरच्यांनी, ज्यांना तिच्यातलं निम्मं कळतच नव्हतं. न कळल्यामुळेच त्यांना ती ऐकता आली, असं माझं म्हणणं आहे. आणि त्या न कळण्याची किंमतही कुणीतरी मोजली, हा त्याच म्हणण्याचा दुसरा भाग.

सुरुवात त्या किनाऱ्यापासून करायला हवी. बोर्दिगेरा आणि सान रेमो ही लिगुरिया प्रांतातली गावं. सान रेमो म्हटलं की इटालियन माणसाला फुलांचे मळे, कॅसिनो आणि १९५१ पासून दरवर्षी भरणारा गाण्यांचा महोत्सव आठवतो. तीन-चार मिनिटांची, एका दमात गुणगुणता येतील अशी गाणी हे त्या महोत्सवाचं चलन. त्याच परिसरात सत्तरच्या दशकाच्या तोंडावर ला क्विंता स्त्रादा आणि इल सिस्तेमा हे दोन स्थानिक बँड होते. त्यांतल्या वादकांच्या एकत्र येण्यातून म्युझेओ रोझेनबाख उभा राहिला: बास गिटार आणि पियानोवर आल्बेर्तो मोरेनो, ड्रम्सवर जानकार्लो गोल्झी, गिटारवर एन्झो मेरोन्यो, ऑर्गन आणि मेलोट्रॉनवर पित कोर्रादी आणि गायला स्तेफानो गालिफी, ज्याला सगळे 'लुपो' म्हणजे लांडगा म्हणत. गाण्यांचे शब्द लिहिताना माऊरो ला लूचे या गीतकाराची साथ होती. त्यांनी विषय निवडला तो नीत्शेचा. किनारपट्टीवरच्या पोरांना जर्मन तत्त्वज्ञानाचा सोस कशाला, असं वाटू शकतं. पण १८८२-८३ चा हिवाळा नीत्शेने याच लिगुरियात, रापालोला काढला होता आणि झरथुष्ट्रावरच्या पुस्तकाचा पहिला भाग तिथल्या डोंगरवाटांवर फिरताना सुचला असं त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. तिसरा भाग झाला नीसमध्ये, म्हणजे बोर्दिगेराच्या शेजारी, सीमेपलीकडे. (मुंबई-नवसारीच्या पारशांच्या प्रेषिताशी नीत्शेच्या या पात्राचं नातं तिरकस आहे. ज्याने चांगलं आणि वाईट असा भेद प्रथम जगासमोर मांडला, त्याच्याच तोंडून तो भेद मोडून काढायचा, हा नीत्शेचा डाव.) तेव्हा विषय उसना नव्हता. घराजवळच सापडलेला होता.

रेकॉर्डची पहिली बाजू म्हणजे सुमारे वीस मिनिटांची, पाच भागांची एक सलग रचना आहे. शेवटचा माणूस, कालचा राजा, चांगल्या-वाईटाच्या पलीकडे, अतिमानव आणि वाळूच्या घड्याळांचं मंदिर, अशी भागांची नावं. त्या काळी अशा लांब रचनांचं पेव फुटलं होतं आणि त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे एकमेकांशी सोयरसुतक नसलेल्या तुकड्यांची माळ असायची. इथे तसं होत नाही. मुख्य धून पुन्हा पुन्हा परतते, दर वेळी वेगळं वजन घेऊन: कधी नुसत्या आवाजाच्या आधाराने, कधी ऑर्गनच्या भडिमारातून, आणि शेवटी मेलोट्रॉनच्या लाटेवर. मेलोट्रॉन हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं वाद्य. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खरोखरच्या व्हायोलिनचा किंवा कोरसचा सूर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप धावते, आणि साधारण आठ सेकंदांत संपते. म्हणजे वादकाला बोट उचलावंच लागतं. ऑर्केस्ट्राची भव्यता आणि टेपची किंचित थरथर, धाप लागल्यासारखी, यांचं ते मिश्रण आहे. कोर्रादीने या वाद्याचा वापर सजावटीसाठी केला नाही. रचनेचा भार त्याने त्याच्यावर टाकला. त्यावर गालिफीचा आवाज. बहुतेक सिम्फॉनिक बँडांचे गायक चर्चच्या गायनवृंदातून पळून आल्यासारखे गातात, हा मात्र सोल गाणाऱ्या माणसासारखा खरखरीत गळ्याने, पोटातून गातो. त्यामुळे मजकूर कितीही उंच उडाला तरी गाणं जमिनीवर राहतं. ध्वनिमुद्रण गढूळ आहे, ड्रम्सचे तपशील अनेकदा बुडतात, आणि दुसऱ्या बाजूची तीन गाणी पहिल्या बाजूची उंची गाठत नाहीत. चाहते हे मान्य करायला काचकूच करतात, पण त्याने फारसं बिघडत नाही. पहिल्या बाजूसाठी एवढं माफ करण्यासारखं आहे.

मग १९७३ मध्ये हे ऐकलं का गेलं नाही? कारण ऐकण्याआधी ते पाहिलं गेलं. कव्हर काळं. त्यावर तुकडे जुळवून केलेला एक चेहरा, आणि त्या तुकड्यांमध्ये मुसोलिनीचा अर्धपुतळा. आत नीत्शे आणि अतिमानव. या चित्राला तेव्हाच्या इटलीत कोणता संदर्भ होता ते आठवायला हवं. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियात्झा फोन्ताना चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला आणि १७ माणसं मेली. आधी अराजकवाद्यांना धरलं गेलं, नंतर संशयाची सुई उजव्या टोकाच्या गटांकडे वळली. १९७२ च्या निवडणुकीत मुसोलिनीचा वारसा सांगणाऱ्या पक्षाला ८.७ टक्के मतं पडली. रस्त्यावर डावी आणि उजवी पोरं एकमेकांची डोकी फोडत होती. आणि रॉक संगीताचे उघड्यावरचे मेळे कोण भरवत होतं, तर बहुतांशी डावे गट आणि 'रे नूदो'सारखी प्रतिसंस्कृतीची मासिकं. नीत्शे आणि मुसोलिनी ही जोडी लोकांनी कल्पनेने जुळवली नव्हती: तरुण मुसोलिनीने १९०८ साली नीत्शेवर लेख लिहिला होता आणि १९४३ मध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवसाला हिटलरने नीत्शेचे समग्र ग्रंथ भेट म्हणून पाठवले होते. अशा वातावरणात म्युझेओ रोझेनबाखवर फॅसिस्ट असा शिक्का बसला. सरकारी प्रसारणसंस्था राय या रेकॉर्डपासून लांब राहिली, आणि तेव्हा देशात रेडिओची मक्तेदारी रायकडेच होती. खाजगी स्थानिक केंद्रांना वाट मोकळी झाली ती १९७६ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने. आपला हेतू राजकीय नव्हता असं वादकांनी नंतर सांगितलं. पण नंतर.

यात एक क्रूर योगायोग आहे. याच काळात नीत्शेला फॅसिझमच्या तावडीतून सोडवण्याचं काम जगात सर्वांत नेटाने चाललं होतं ते इटलीतच. जॉर्जो कोल्ली आणि मात्झिनो मोन्तिनारी या दोन अभ्यासकांनी १९६० च्या दशकात वायमारमधल्या मूळ हस्तलिखितांवरून त्याच्या ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती सुरू केली. बहिणीने, एलिझाबेथने, केलेली मोडतोड त्यातून उघडी पडली. मोन्तिनारी स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. १९७४ मध्ये जान्नी वात्तिमो यांचं नीत्शेवरचं पुस्तक आलं आणि मुक्तीचा विचार करणारा तत्त्वज्ञ म्हणून डाव्यांमध्येही त्याचं वाचन होऊ लागलं. म्हणजे ग्रंथालयात नीत्शेची सुटका होत होती त्याच सुमारास रेकॉर्डच्या दुकानात तो अजून आरोपी होता. बातमी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पोचायला वेळ लागतो. बँडला तेवढा वेळ मिळाला नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. १९७२ ते १९७४ या काळात इटलीत अशा रेकॉर्डांचा पूर आला होता. सेमिरामिस, आल्फाताऊरुस, काम्पो दी मार्ते, चेर्व्हेल्लो, बिल्येत्तो पेर लिनफेर्नो: यांपैकी कुणाच्याही कव्हरवर मुसोलिनी नव्हता, तरीही सगळे बुडाले. मग पुतळ्याला कशाला दोष द्यायचा? बाजार लहान होता, कंपन्या डझनभर बँडांवर थोडे थोडे पैसे लावत आणि जो चालेल त्यालाच पुढे नेत. रिकोर्दीचंच पाहा. वेर्दी आणि पुच्चीनी यांच्या ऑपेरांचे प्रकाशक म्हणून नाव मिळवलेलं हे १८०८ सालचं घराणं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीकडे बांकोसारखा चाललेला बँड होता, लिगुरियातल्या पाच पोरांवर त्यांचं काही अडलं नव्हतं. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. पुतळा नसता तर रेकॉर्ड तडाखेबंद खपली असती असं म्हणायला काही आधार नाही. पण दुर्लक्षाचेही प्रकार असतात. इतरांच्या बाबतीत लोकांनी ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. इथे ऐकायची गरजच राहिली नाही, कारण निकाल आधीच लागला होता. न ऐकलेल्या रेकॉर्डला पुढे कुणीतरी योगायोगाने शोधून काढू शकतो. जिच्याबद्दल सर्वांना सगळं माहीत आहे असं वाटतं, तिला तिच्या गावात पुन्हा कुणी हात लावत नाही.

इटालियन श्रोत्यांच्या कानात खोट होती असंही नव्हे. उलट. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश बँडची 'पॉन हार्ट्स' ही रेकॉर्ड त्यांच्या मायदेशात यादीतही आली नाही, आणि १९७२ मध्ये इटलीत पहिल्या क्रमांकावर गेली. ती अतिशय कर्कश, गुंतागुंतीची, आत्मनाशाच्या विचारांनी भरलेली रेकॉर्ड आहे. जेनेसिसलाही मायदेशाच्या आधी इटलीनेच डोक्यावर घेतलं. ज्या देशात इंग्रजी समजणारे मोजके, तिथे हे कसं घडलं? माझं उत्तर असं, की इंग्रजी समजत नव्हती म्हणूनच घडलं. व्हॅन डर ग्राफचा गायक पीटर हॅमिल काय बोलतो आहे यापेक्षा तो कसा ओरडतो आहे हे मिलानमधल्या पोराला ऐकू आलं. ब्रिटिश श्रोत्याला त्या शब्दांतला भपका खटकत होता, त्या बँडचं वागणं-बोलणं कुठल्या वर्गातलं हे कळत होतं. इटालियन श्रोत्यासाठी ती सगळी गाळणी गळून पडली. बँड तोच, रेकॉर्ड तीच, अंतर तेवढं वेगळं.

पुढे जपानने इटलीच्या बाबतीत नेमकं हेच केलं. जपानी लोकांना इटालियन गाण्याची ओढ साठच्या दशकापासून होती. सान रेमो महोत्सव जिंकलेली जिलिओला चिंक्वेत्ती तिथे घराघरांत ऐकली जात होती. १९७५ मध्ये प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी हा इटलीचा सर्वांत यशस्वी प्रोग्रेसिव्ह बँड जपानचा दौरा करून आला. त्यानंतर युरोपीय रॉक हा तिथे स्वतंत्र छंद झाला आणि ऐंशीच्या दशकात किंग रेकॉर्ड्सने इटलीत कधीच्याच दुकानांतून गेलेल्या एलपी पुन्हा छापायला घेतल्या. 'झारातुस्त्रा' त्यांत होती. त्या छपाईवरचा मुसोलिनी टोकियोतल्या ग्राहकाला बहुधा एका विचित्र कोलाजमधला एक चेहरा एवढाच दिसला असेल. पियात्झा फोन्ताना त्याच्या शहरात नव्हता. त्याने सुई ठेवली आणि मेलोट्रॉन ऐकला. तिथून या रेकॉर्डची कीर्ती उलट्या दिशेने निघाली. अमेरिकेत आर्ची पॅटरसन यांच्या 'युरॉक'सारखी छोटी नियतकालिकं इंग्रजीबाहेरच्या रॉककडे आधीपासून लक्ष ठेवून होती. टपालाने रेकॉर्ड विकणारे होते, टेपवर उतरवून अदलाबदल करणारे हौशी होते. या मंडळींनी एकमेकांना पाठवलेल्या याद्यांमधून इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक ही शाखा आकाराला आली. सत्तरच्या इटलीत स्वतः वाजवणारे आपल्या संगीताला नुसतं 'पॉप' म्हणायचे.

चाहत्यांवर नेहमी होणारा आरोप इथे घ्यायला हवा: यांना संगीताचं नव्हे, दुर्मिळतेचं वेड आहे. जी रेकॉर्ड मिळत नाही ती थोर. संग्राहकांच्या जगात हे पुष्कळ चालतं आणि मूळ छपाईच्या प्रतींसाठी ते मोजतात ती रक्कम पाहून शहाण्या माणसाने कपाळाला हात लावावा. पण हा आरोप तपासून पाहता येतो. सीडी आल्यावर 'झारातुस्त्रा' सहज आणि स्वस्तात मिळू लागली. दुर्मिळतेवर उभी असलेली कीर्ती त्या वेळी कोसळायला हवी होती, आणि तितक्याच दुर्मिळ असलेल्या कित्येक रेकॉर्डांची कोसळलीही. एकदा ऐकल्यावर लोकांनी त्या फडताळात ठेवून दिल्या. हिची वाढली. १९९२ मध्ये सान रेमोतल्याच मेलो रेकॉर्ड्सने बँडच्या १९७२ मधल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचं आणि अप्रकाशित तुकड्यांचं मुद्रण बाहेर काढलं. ती कंपनी चालवणाऱ्यांत चीरो पेर्रीनो होते, एकेकाळचे इल सिस्तेमाचे, म्हणजे या घरातलेच. जपानने कीर्ती मिळवून दिली नसती तर गावातल्या माणसालाही त्या जुन्या टेपा शोधायचं कारण मिळालं असतं का, याची शंका आहे.

आता त्या न कळण्याच्या किमतीकडे. आपल्याकडे ख्याल ऐकणारा बंदिशीचे ब्रज बोल समजून घेतल्याशिवाय तासभर तल्लीन होतो आणि त्याला कुणी अर्धवट श्रोता म्हणत नाही. जपानी चाहत्याचाही बचाव तसाच करता येईल. पण तो पुरा पडत नाही. बंदिशीचे शब्द बहुधा परंपरेने सगळ्यांना दिलेले असतात, गायक त्यांच्यामार्फत काही नवं प्रतिपादन करत नसतो. म्युझेओ रोझेनबाखला काही म्हणायचं होतं. त्यांचा झरथुष्ट्र हुकूम सोडणारा नेता नाही. तो डोंगरावरून उतरलेला, विचारणारा, एकटा पडलेला माणूस आहे, आणि रचना ज्या मंदिरात संपते तिथे सत्ता नाही, नुसता फिरून फिरून येणारा काळ आहे. रेकॉर्डचं शेवटचं गाणंही नीत्शेच्या सनातन पुनरागमनाच्या कल्पनेवरच आहे. हे नीट ऐकलेल्या इटालियन माणसाला फॅसिझमचा आरोप किती पोकळ होता हे कळलं असतं. जपानी चाहत्याने आरोप खोडून काढला नाही, त्याला आरोपच ठाऊक नव्हता. त्यामुळे बँडची निर्दोष सुटका झाली नाही, फक्त खटला दुसऱ्या देशात हलला आणि तिथे तो कुणी चालवलाच नाही. आणि कव्हरवरचा पुतळा हा मूर्खपणाचा निर्णय होता, हेही मग कुणी स्पष्ट म्हणत नाही. तो मूर्खपणाच होता. सात-आठ वर्षांपूर्वीच्या जुन्या जखमेवर नव्हे, चालू रक्तस्रावावर बोट ठेवलेलं होतं, आणि मिलानमध्ये राहणाऱ्या विशीतल्या पोराने त्या रेकॉर्डकडे पाठ फिरवली तर त्याला बहिरा ठरवणं अन्यायाचं होईल.

चाहत्यांच्या प्रेमाची दुसरी किंमत वादकांनी मोजली. २००० साली गोल्झी आणि मोरेनो यांनी बँड पुन्हा जमवून 'एक्झिट' ही नवी रेकॉर्ड काढली. सूर मवाळ, गाणी आटोपशीर, आवाज नवा. ज्यांनी वीस वर्षं या नावाची पालखी वाहिली त्यांनी ती नाक मुरडत ऐकली. दरम्यान जेनोव्हात एलिझा मोंताल्दो या कीबोर्डवादक बाईंनी २००६ मध्ये एक बँड काढला, त्याचं नाव 'झारातुस्त्रा'च्या शेवटच्या भागावरून इल तेम्पियो देल्ले क्लेसिद्रे असं ठेवलं आणि गायला खुद्द गालिफीला आणलं. २०१० च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचं स्वागत फार उबदार झालं. २०१३ मध्ये मूळ बँडनेही गालिफीला परत घेऊन 'बार्बारिका' काढली, पुन्हा मेलोट्रॉनच्या आवाजात, आणि पाठोपाठ जपानमधल्या कार्यक्रमाचं मुद्रणही आलं. चाहते खूश. त्यांना १९७३ हवं होतं, ते मिळालं. ज्या कानांनी कव्हरकडे न पाहता ऐकलं होतं, तेच कान आता एका ठरावीक आवाजाखेरीज काही आत येऊ देत नव्हते.

गोल्झीची हकीकत या हिशेबात बसत नाही, म्हणूनच ती महत्त्वाची वाटते. १९७५ मध्ये त्याने जेनोव्हातल्या वादकांबरोबर आणि आंतोनेल्ला रुज्जेरो या गायिकेबरोबर मातिया बाझार हा बँड काढला. चाली साध्या, गाणी तीन-चार मिनिटांची. १९७८ मध्ये त्यांनी सान रेमोचा महोत्सव जिंकला, पुढच्या वर्षी युरोव्हिजनमध्ये इटलीचं प्रतिनिधित्व केलं, आणि २००२ मध्ये सान रेमो पुन्हा जिंकला. गायिका बदलल्या, साथीदार बदलले, गोल्झी २०१५ मध्ये वारला तोपर्यंत त्या बँडमध्येच होता. रायने ज्याच्या पहिल्या रेकॉर्डकडे पाठ फिरवली, त्याच्या काठ्यांचा ठेका त्याच रायने मग चाळीस वर्षं घराघरांत पोचवला. 'झारातुस्त्रा'च्या कौतुकाचे लेख लिहिणारे चाहते हा तपशील बहुधा एका ओळीत, जरा ओशाळून उरकतात.